वायरमनच्या डोक्याला वायरी: न्यूरोफीडबॅकचा अनुभव आणि हिशोब

मी न्यूरोफीडबॅक करून आलोय, म्हणजे मेंदूच्या लहरी मोजून पडद्यावर दाखवायच्या आणि माणसाने त्या बदलायला शिकायचं, असा उपचार. आधी पैशाचं सांगतो, कारण हे कळल्यावर फोन करणारे पहिल्यांदा तेच विचारतात. पहिल्या भेटीचे दोन हजार. डोक्याचा नकाशा, म्हणजे मेंदूच्या लहरींचा रंगीत रिपोर्ट, काढायचे नऊ हजार. एका सत्राचे अठराशे, वीस सत्रं एकदम घेतली तर बत्तीस हजार. वर कराड ते स्वारगेट एसटी, तिथून रिक्षा आणि त्या दिवशीची बुडालेली हजेरी. विम्यातून एक रुपया मिळाला नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात शरीराच्या आजाराइतकंच मनाच्या आजारालाही विम्याचं संरक्षण द्या म्हटलंय, पण माझी पॉलिसी भरती झालं तरच पैसे देणारी. खुर्चीत बसून पडद्यावरचं विमान उडवायला भरती कोण करून घेणार?

केंद्र पुण्यात आहे. नाव मुद्दाम देत नाही. जे आवडलं ते तिथल्या दोन माणसांमुळे आवडलं, आणि जे खटकलं ते या धंद्यात बऱ्याच ठिकाणी चालतं असं नंतर वाचनातून कळलं. ज्यांना आघातानंतरचा ताण, डॉक्टरांच्या भाषेत पीटीएसडी, आहे आणि कोणीतरी 'न्यूरोफीडबॅक करून बघा' म्हणून सुचवलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

माझं काय झालं ते थोडक्यात. मी लायसन्सधारक वायरमन, एका खाजगी ठेकेदाराकडे सुपरवायझर. पावसाळ्यात एका डीपीवर काम होतं. लाईन बंद ठेवायचं परमिट घेतलेलं, लाईन तोडणारा एबी स्विच उघडलेला, लाईन जमिनीला जोडणारा अर्थिंगचा रॉड तेवढा अडकवायचा बाकी होता. पलीकडे कोणीतरी लाईट गेली म्हणून जनरेटर सुरू केला, घर मेन लाईनपासून तोडून जनरेटरला जोडणारा चेंजओव्हर स्विच नाही, काही नाही, सरळ घरच्या वायरिंगला जोडलेला. तो करंट उलटा ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरला आणि बंद असलेली ११ केव्हीची लाईन जिवंत झाली. ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजूंनी चालतो, हे ठाऊक नसलेल्या किती जणांकडे जनरेटर आहेत याचा विचार करू नये. रॉड घेऊन माझा हेल्पर वर होता. चोवीस वर्षांचा पोरगा. पुढचं इथे लिहीत नाही.

त्यानंतर माझं घरात बसून जे व्हायला लागलं ते पुस्तकात लिहिलंय तसंच. कुकरची शिट्टी झाली की हातातलं ताट पडायचं. रात्री दोन-अडीचला जाग, मग उजाडेपर्यंत डोळे छताला. शेजारी कोणी पाचट पेटवलं तरी मी घराच्या खिडक्या लावत फिरायचो. डीपीचा गुणगुणता आवाज, जो वीसेक वर्षं कानाला जाणवतही नव्हता, तो शंभर फुटांवरून ऐकू यायचा. पोरांवर विनाकारण ओरडायचं आणि नंतर दोन दिवस बोलायचं नाही. कराडच्या मानसोपचार डॉक्टरांनी सरट्रालिन ही गोळी सुरू केली. थोडा फरक पडला, पण रात्री तशाच. पुण्याच्या भाच्याने या केंद्राची माहिती काढली. "मामा, एकदा बघून तर या," एवढंच म्हणाला.

घरात मात्र आमच्या मंडळींनी विरोध केला. "करंटानं एवढं झालं, आणि आता तुम्ही परत डोक्याला वायरी लावून घेणार?" तिची भीती मी आधी समजून घेतली आणि मग तिला पेन्सिल सेल दाखवला. हा दीड व्होल्टचा. मेंदूतून कवटीबाहेर जे येतं ते साधारण पन्नास मायक्रोव्होल्ट, म्हणजे या सेलच्या तीस हजाराव्या भागाइतकं. यंत्र तेवढंच मोजतं, डोक्यात काही सोडत नाही. शॉक ट्रीटमेंट वेगळी, चुंबकाची टीएमएस वेगळी, ही वेगळी. इथे फक्त मीटर लावतात आणि मीटरचा काटा माणसाला दाखवतात. काटा बघून माणसाने आपापलं काहीतरी बदलायचं. काय बदलायचं ते कोणीच सांगू शकत नाही. मजा आहे आणि गोचीही तीच आहे.

पहिल्या दिवशी नकाशा काढला. एकोणीस तारांची टोपी, प्रत्येक भोकातून जेल, डोळे उघडे ठेवून काही मिनिटं, मिटून काही मिनिटं. आठवड्याने रंगीत रिपोर्ट हातात. पानंच पानं, प्रत्येक पानावर वरून काढलेली गोल गोल डोकी, त्यात लाल, पिवळे, निळे डाग. काऊंटरवरच्या मुलाने लाल डागावर पेन टेकवून सांगितलं, "हा बघा तुमचा ट्रॉमा." मला तिथेच राग आला. लाल म्हणजे बिघाड नव्हे. त्यांच्याकडे निरोगी माणसांच्या मोजमापांचा साठा असतो, त्याच्या सरासरीपासून माझं माप किती लांब आहे एवढंच तो रंग सांगतो. त्या दिवशी मी पहाटेची गाडी पकडून आलो होतो, रात्रभर झोप नव्हती, वाटेत दोन चहा झाले होते आणि पोटात सरट्रालिन. या सगळ्याने लहरी बदलतात. पीटीएसडीचं निदान प्रश्न विचारून होतं, नकाशावरून होत नाही. तिथल्या सायकॉलॉजिस्ट मॅडमनी नंतर हेच कबूल केलं आणि म्हणाल्या, "मी तो नकाशा फक्त कुठून सुरुवात करायची यासाठी बघते." मग नऊ हजार कशाचे? हा प्रश्न मी विचारला. उत्तर गोड होतं, पण उत्तर नव्हतं. त्या भागाला माझ्याकडून शून्य.

आता सत्राचं. इथे सविस्तर लिहितो, कारण यंत्राकडे बघायची आमच्या धंद्याची सवय आणि बाकीचे पेशंट हे विचारत नाहीत.

खुर्ची आरामाची, पाय टेकतात. टेक्निशियन मुलगी, वय असेल पंचविशीचं, कामाला फार नीट. जिथे तार लावायची तिथली कातडी आधी खरखरीत जेलने घासते, मग पांढरी चिकट पेस्ट लावून तार बसवते. मला उजव्या कानाच्या वर एक आणि त्याच्या मागे-वर एक, त्यांच्या भाषेत टी-चार आणि पी-चार. दोन्ही कानांच्या पाळीला क्लिपा. मग ती प्रत्येक जोडाचा रोध मोजायची, आणि पाच किलोओहमच्या आत येईपर्यंत सत्र सुरू करायची नाही. हे बघून माझा निम्मा संशय गेला. जॉइंट तपासल्याशिवाय लाईन चालू न करणारा माणूस कुठल्याही धंद्यात भेटला की बरं वाटतं. पेस्ट केसांतून लवकर निघत नाही, गरम पाण्यानेच जाते. परतीच्या एसटीत डोक्यावर पांढरे ठिपके घेऊन बसायची तयारी ठेवा.

समोर पडदा. कधी विमान, कधी डोंगर-नद्यांची फिल्म. मेंदूच्या लहरी ठरवलेल्या पट्ट्यात राहिल्या की विमान उडतं, फिल्म स्वच्छ दिसते, बारीक टिंग वाजतं. हव्या त्या लहरी कमी झाल्या किंवा नको त्या वाढल्या की पडदा अंधारतो. वीस-पंचवीस मिनिटं हेच, मध्ये थोडी विश्रांती.

दुसऱ्या-तिसऱ्या वेळी पडद्यावरची रेघ जाड आणि केसाळ दिसायला लागली. टेक्निशियन म्हणाली, "काका, हलू नका." मी हललोच नव्हतो. मी म्हटलं, ही पन्नास हर्ट्झची गुणगुण आहे, तुमच्या मेनमधून येतेय. पिशवीत मल्टीमीटर असतोच. सॉकेटला लावला तर फेज ते न्यूट्रल २३० आणि फेज ते अर्थ नव्वदच्या आसपास, जिथे तेही २३०च्या जवळ हवं होतं. म्हणजे तिसरी पिन नुसती शोभेला, मागे अर्थिंगच नाही. लॅपटॉपचा चार्जर काढायला लावला, बॅटरीवर चालवला, रेघ तिथल्या तिथे बारीक झाली. त्या खोलीत दिवसाला किती लोक डोक्याला तारा लावून बसतात! यंत्र पेशंटच्या बाजूने विलग केलेलं असतं, धोका नसतो, हे मलाही माहीत आहे. तरी कुठेही जाल तिथे लॅपटॉप बॅटरीवर चालवायला सांगा. धोका राहू दे, निदान सिग्नल तरी स्वच्छ मिळेल. चार दिवसांनी त्यांनी माणूस बोलावून अर्थिंग करून घेतलं, याचा रिव्ह्यूत एक स्टार मी वाढवून दिला.

दुसरी गोष्ट मला स्वतःला सापडली. दात आवळले की विमान खाली येतं. जबडा सैल सोडला की वर जातं. मी मुद्दाम चार-पाच वेळा करून पाहिलं, दर वेळी तेच. कानाच्या वर जबड्याचा मोठा स्नायू असतो, त्याचा करंट मेंदूच्या करंटापेक्षा कितीतरी मोठा, तो तारेत शिरणारच. मग मी मॅडमना विचारलं, "यात मेंदू शिकतोय की जबडा?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "दोन्ही. आणि तुमचा जबडा त्या दिवसापासून सैल झालेला नाही." हे खरं होतं. दाढा झिजलेल्या, डेंटिस्टने रात्री घालायची पट्टी दिलेली. तेव्हा या यंत्राने काही केलं नसेल तरी आवळलेला जबडा जागेपणी पकडायला शिकवलं, आणि हे मी फुकट धरत नाही. पण जाहिरातीत 'मेंदूचं रीवायरिंग' लिहायचं आणि प्रत्यक्षात अर्धं काम जबड्याचं, हे सांगायला हवं. आणि रीवायरिंग हा शब्द आमच्यासमोर जरा जपून वापरावा.

तिसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. पहिल्या काही सत्रांत मला सतत यश मिळायचं, टिंग टिंग चालूच. सेटिंग बघितलं तर टिंग वाजायची मर्यादा आपोआप सरकणारी. म्हणजे मी काहीही करो, दहातले सात-आठ वेळा पास करायचं असं सॉफ्टवेअरनेच ठरवलेलं. लहरी वाईट झाल्या तर तेही पासिंगचे मार्क खाली आणणार. यात मी शिकलो काय? मी हट्ट धरला, तेव्हा तिने मर्यादा हाताने लावली. त्या दिवसानंतर खेळ अवघड झाला, आणि माझ्या मते खरं काम तिथून सुरू झालं. हाताने लावली तर पेशंट निराश होतात म्हणून आपोआप ठेवतो, असं उत्तर मिळालं. निराश होऊ द्या की. बत्तीस हजार देतोय माणूस.

एक सत्र वाईट गेलं. डोळे मिटून करायचा एक प्रकार असतो, अल्फा-थीटा. पाण्याचा आवाज ऐकवतात, माणूस झोप आणि जाग यांच्या मध्ये तरंगतो, आणि तिथे दाबून ठेवलेलं वर येतं. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांवर पेनिस्टन आणि कुल्कोस्की यांनी हाच प्रकार वापरून १९९१ साली मोठं यश सांगितलं होतं, नमुना मात्र लहान. माझं वर आलं ते जळका वास घेऊन. मी तारा ओढून काढल्या. त्या वेळी मॅडम निघून गेल्या होत्या, खोलीत ती मुलगी एकटी. बिचारीने पाणी दिलं, खिडकी उघडली, माझ्याशी खिडकीबाहेर काय काय दिसतंय ते बोलत बसली, आणि तेच योग्य होतं हे मला नंतर कळलं. पण ती प्रशिक्षित थेरपिस्ट नाही. आघाताच्या पेशंटला डोळे मिटून ठेवायचं असेल तर थेरपिस्ट त्याच इमारतीत हवा, यावर माझी तडजोड नाही. रिव्ह्यूमधला एक स्टार इथे गेला. मॅडमनी दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः फोन केला, तो प्रकार पुन्हा माझ्यावर केला नाही.

फरक पडला का? पडला. सुरुवातीला डोकं जड व्हायचं, स्वप्नं जास्त पडायला लागली, एकदा तर सत्रानंतर रात्रभर टक्क जागा होतो. त्यांनी लहरींचा ठरवलेला पट्टा खाली उतरवला तेव्हा ते थांबलं. महिना-दीड महिन्याने रात्रीची जाग कमी झाली. घरच्यांच्या आधी लक्षात आलं. "अहो, काल कुकर वाजला आणि तुम्ही पेपरातून वरसुद्धा बघितलं नाही," असं ही म्हणाली तेव्हा मला कळलं. मॅडम दर काही आठवड्यांनी एक प्रश्नावली भरून घ्यायच्या, वीस प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार, ऐंशीपैकी मार्क. तीस-बत्तीसच्या वर असलं की पीटीएसडीची शक्यता धरतात. माझे सुरुवातीला ५४ होते, शेवटी २९. प्रश्नावली घेणारं केंद्र निवडा. न मोजता 'छान वाटतंय ना काका?' विचारणाऱ्यांकडे जाऊ नका.

आता इथे वायरमनचा हिशोब. त्याच काळात माझ्या सरट्रालिनचा डोस वाढला होता. त्याच काळात मी त्याच मॅडमकडे आठवड्यातून एक तास बोलायला बसत होतो, आणि त्या दिवसाची गोष्ट पहिल्यांदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोंडाने सांगितली ती तिथे, तारांशिवाय. तिसरं म्हणजे घरातून बाहेर पडून नेमाने पुण्याला जाणं, कोणीतरी शांतपणे डोक्याला हात लावून काळजीने काम करणं. तारा धरून एका वेळी चार बटणं दाबली आणि दिवा लागला, तर कोणत्या बटणाने लागला हे छातीठोक सांगणारा वायरमन खोटं बोलतोय.

हाच प्रश्न मोठ्या अभ्यासांतही आहे. भाच्याने इंग्रजी पेपर काढून दिले आणि फोनवर समजावले. या विद्येची सुरुवात गमतीची आहे. १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियात बॅरी स्टरमन यांनी मांजरांना खाऊचं आमिष दाखवून १२ ते १५ हर्ट्झची लहर वाढवायला शिकवलं. नंतर रॉकेटच्या इंधनातल्या हायड्राझिन जातीच्या विषाचा प्रयोग करताना त्यांना दिसलं की हीच शिकलेली मांजरं फिटच्या झटक्यांना इतरांपेक्षा जास्त काळ दाद देत नाहीत. मांजराला आपल्याला बरं वाटायला हवं अशी अपेक्षा नसते, म्हणून हा पुरावा मला आवडतो. पण तो झटक्यांचा, आघाताचा नाही.

आघाताबद्दल सगळ्यांत जास्त सांगितला जाणारा अभ्यास बॉस्टनच्या बेसल व्हॅन डर कोक यांचा, २०१६चा. जुना पीटीएसडी असलेली, इतर उपचारांनी बरी न झालेली ५२ माणसं. निम्म्यांहून थोड्या जास्त लोकांना आठवड्यातून दोनदा अशी चोवीस सत्रं, तारा माझ्याच जागी, टी-चार आणि पी-चारला. बाकीचे वाट पाहणारे. शेवटी उपचार घेतलेल्यांपैकी २७ टक्के अजून पीटीएसडीच्या निकषात बसत होते, वाट पाहणाऱ्यांपैकी ६८ टक्के. आकडा मोठा आहे. केंद्राच्या माहितीपत्रकातही छापलाय. छापलेलं नाही ते असं, की वाट पाहणारे कुठल्याच खुर्चीत बसले नव्हते. त्यांना खोट्या तारा लावून, दुसऱ्याच कोणाच्या लहरींवर विमान उडवून दाखवलं असतं तर? मुलांच्या एडीएचडीवर, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलपणाच्या त्रासावर, असा खोट्या फीडबॅकचा, कोणाला खरा आणि कोणाला खोटा हे कोणालाच माहीत नसलेला मोठा प्रयोग अमेरिकेत झाला, त्याचे निकाल २०२० साली आले. खरा फीडबॅक मिळालेली मुलं सुधारली, आणि खोटा मिळालेलीही जवळपास तितकीच. पीटीएसडीत कॅनडाच्या रूथ लेनियस यांच्या गटाने खोट्या फीडबॅकचा गट ठेवून काम केलंय आणि लक्षणं उतरताना दिसली आहेत, पण माणसं थोडी, आणि ते स्वतःच त्याला प्राथमिक म्हणतात.

अमेरिकेत औषधं आणि यंत्रं तपासणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने २०२३ साली पीटीएसडीसाठी एका न्यूरोफीडबॅक यंत्राला मान्यता दिली, पण इतर उपचारांच्या जोडीला, एवढ्याच अटीवर. त्याच वर्षीच्या तिकडच्या माजी सैनिकांसाठीच्या मार्गदर्शिकेत न्यूरोफीडबॅकबद्दल होय किंवा नाही म्हणण्याइतका पुरावा नाही असं लिहिलंय, आणि पहिल्या रांगेत बोलण्याचे, आघातावर थेट काम करणारे उपचार आणि डोळे डावीकडे-उजवीकडे हलवत आठवणीवर काम करायचा ईएमडीआर ठेवलेत. आपल्याकडे बंगळुरूच्या निमहान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या सरकारी संस्थेत डोक्याला मार लागलेल्यांवर न्यूरोफीडबॅकचं काम झालंय. म्हणजे हा भोंदूपणा नाही. पण पुण्यातल्या माहितीपत्रकात 'वैज्ञानिकदृष्ट्या सिद्ध' असं जे जाड अक्षरात आहे, तेही नाही.

हे सगळं वाचून मी अर्ध्यात सोडलं का? नाही. पॅकेज पूर्ण केलं. झोप यायला लागली होती, आणि रात्री नीट झोप झालेल्या माणसाला दुपारी बोलायला बळ येतं. माझा अंदाज असा, की खुर्चीने मला बसायला शिकवलं आणि त्यामुळे मी बोलू शकलो. डीपीजवळ जायचं धैर्य मात्र तारांनी दिलं नाही. ते मॅडमनी पायरी-पायरीने करून घेतलं. आधी फोटो, मग लांबून, मग रस्त्याच्या पलीकडून, शेवटी मी आणि ती जाळी, मध्ये चार फूट. आता मी कामावर आहे, पोलवर चढत नाही, खालून बघतो आणि अर्थिंगचा रॉड दोन्ही बाजूंना लागल्याशिवाय कोणाला वर जाऊ देत नाही. हेल्परच्या घरी जाऊन आलो. त्याच्या आईने जेवू घातलं.

पाचपैकी साडेतीन. टेक्निशियनला पाच, मॅडमना पाच, नकाशाला शून्य, माहितीपत्रकाला एक.

जाणार असाल तर पैसे देण्याआधी हे विचारा. आघातावर काम करणारा, आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी क्रमांक असलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट सत्राच्या वेळी हजर असेल का? नकाशा न काढता सुरू करता येईल का? मर्यादा आपोआप आहे की हाताने? मोजणी कोणत्या प्रश्नावलीने करणार, आणि दहा सत्रांत काहीच हललं नाही तर उरलेले पैसे परत मिळतील का? शेवटच्या प्रश्नावर बहुतेक जण विषय बदलतात, तेव्हा एकदम पॅकेज घेऊ नका, सुटी सत्रं घ्या. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, केंद्रवाल्याने सांगितलं तरी नाही. आणि अजून कुठल्याच डॉक्टरकडे गेला नसाल तर आधी तिथे जा. गावात कोणी नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

एक राहिलं. घरी वापरायचे कपाळपट्टे ऑनलाइन मिळतात, मोबाइलला जोडायचे. तीन जणांनी मला त्याच्या लिंका पाठवल्या. त्यांची सेन्सर कपाळावर असतात, तिथे डोळ्यांच्या उघडझापेचा आणि भुवयांच्या स्नायूंचा गोंगाट जास्त. मन शांत करायला, ध्यानाची सवय लावायला कोणी वापरत असेल तर माझं काही म्हणणं नाही. पण आघाताच्या माणसाने रात्री एकट्याने खोलीत बसून डोळे मिटायचे आणि जळका वास आला तर समोर फक्त मोबाइल, ही व्यवस्था मला पटत नाही. त्याच पैशांत चांगल्या थेरपिस्टकडची काही सत्रं होतात, आणि तिथे पेस्टही लागत नाही.